बिल्ल्यांचा कप्पा

जानेवारी १९८०. लोकसभेची निवडणूक होती आणि मी आठवीत होतो. प्रचाराच्या जीपमधून उधळलेले बिल्ले छातीवर लावून आम्ही शाळेत निघालो, तर फाटकातच मुख्याध्यापक सर उभे! त्यांनी एकेकाचा बिल्ला काढला आणि टेबलाच्या कप्प्यात टाकला. "सुटल्यावर घेऊन जा." कोणत्या पक्षाचा, हे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुढे नोकरीमुळे फ्रान्समधल्या ऑर्लेआँला आलो. इथल्या एका शाळेला झाँ झे यांचं नाव आहे. ('Zay' हे स्पेलिंग बघून मी कितीतरी दिवस 'झाय' म्हणत होतो.) झे याच गावचे. १९३६ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी ते शिक्षणमंत्री झाले. सक्तीच्या शिक्षणाचं वय १३ वरून १४ झालं ते त्यांच्याच काळात. त्याच वर्षी त्यांनी शाळांना कळवलं, की राजकीय बिल्ले आणि प्रचार आत चालणार नाही. मोठ्यांची भांडणं शाळेबाहेर राहू देत. हे वाचलं आणि सरांचा कप्पाच डोळ्यांसमोर आला.

१९३९ मध्ये युद्ध सुरू होताच मंत्रिपद सोडून ते सैन्यात गेले. जून १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स कोसळला, तेव्हा लढा पुढे चालवायला काही खासदारांबरोबर 'मासिलिया' बोटीने मोरोक्कोला निघाले. बोट सरकारनेच दिलेली. तरी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या मार्शल पेतँच्या सरकारने (राजधानी विशी, म्हणून 'विशी सरकार') त्यांना पकडून 'पळपुटा' ठरवलं. खरा राग वेगळाच होता. वडील ज्यू वंशाचे, स्वतः डाव्या आघाडीचे मंत्री. त्यात एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली, राष्ट्रध्वजाला नावं ठेवणारी एक कविता विरोधकांनी जपून ठेवलेली! लष्करी हुद्दा गेला, जन्मठेपेसारखी शिक्षा झाली. रियोमच्या तुरुंगात तीन वर्षांहून जास्त काळ काढताना ते लिहीत राहिले.

२० जून १९४४ रोजी विशीच्या निमलष्करी दलाचे लोक 'दुसऱ्या तुरुंगात हलवतो' म्हणून त्यांना घेऊन गेले आणि रानात मारून दगडांखाली टाकलं. अवशेष १९४६ मध्ये शिकाऱ्यांना सापडले. निर्दोष असल्याचा निकाल त्याआधीच, १९४५ मध्ये लागला होता. २०१५ मध्ये त्यांना पॅरिसच्या पाँतेआँमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, जागा मिळाली.

सर, त्या दिवशी रागाने मी बिल्ला न्यायला आलोच नाही. कप्पा कधी आवरलात, तर टाकून द्या.