उत्तर अचूक आलं, तरी टेस्ट फेल

लिनक्सवर वाढलेली गणिती लायब्ररी विंडोजवर न्यायची म्हटलं की लोकांना वाटतं, मेहनत बिल्डमध्ये, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्यात, असेल. बिल्ड चिकाटीने होतो. फेल झालेल्या टेस्टची यादी हातात पडते तेव्हा कुठे कामाला सुरुवात होते. यादीत शेजारीशेजारी दिसणाऱ्या दोन लाल ओळींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसतो.

आमच्या यादीतला पहिला गठ्ठा लवकर सुटला. मूळ संख्येच्या मोड्युलोने गुणाकार करणाऱ्या (गुणाकाराला मूळ संख्येने भागून बाकी घेणाऱ्या) टेस्ट ४६३३७ पर्यंत पास होत्या, पुढच्या मूळ संख्येला, म्हणजे ४६३४९ ला, फेल. हा आकडा ओळखीचा आहे. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, ४६३४१ चा २१४७४८८२८१, आणि ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची हद्द २१४७४८३६४७, बरोबर या दोघांच्या मधे. म्हणजे गुणाकार ३२ बिटांत मावत नव्हता. सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र ३२ चाच. नेमकी रुंदी सांगणारे प्रकार सी भाषेत १९९९ च्या मानकापासून आहेत. तरीही लोक गणिताच्या कोडमध्ये बिनदिक्कत ‘लाँग’ लिहितात, याचा मला मनापासून राग येतो.

खरा गुंता एका समीकरणसंचाच्या टेस्टमध्ये होता. मॅट्रिक्स हिल्बर्टचा, ८ बाय ८. हिल्बर्ट यांनी १८९४ मध्ये मांडलेला हा मॅट्रिक्स दिसायला साधा (पहिल्या ओळीत १, १/२, १/३..., दुसरीत १/२, १/३, १/४...), पण त्याचा कंडिशन नंबर सुमारे १.५ × १०^१०. म्हणजे गणनेतली बारीकशी चूक उत्तरात अब्जावधी पट होऊ शकते. १/३ सारख्या संख्या बायनरीत नेमक्या मावत नाहीत, म्हणून टेस्ट लिहिणाऱ्याने सगळा मॅट्रिक्स ३६०३६० ने गुणून पूर्णांकांचा केला होता. मला ते फार आवडलं. टॉलरन्स, म्हणजे अपेक्षित उत्तरापासून चालणारा फरक, होता १०^-१२, आणि विंडोजवरचं उत्तर सातव्या अंकालाच फुटत होतं.

टीममधले सीनियर म्हणाले, “फ्लोटिंग पॉइंट आहे, एवढं चालायचंच. टॉलरन्स वाढव आणि पुढे जा.” हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार सहज बोललं जातं. फरक का पडतोय हे कळायच्या आत टॉलरन्स वाढवणं म्हणजे टेस्ट पुसून टाकणं. मी वेळ मागून घेतला.

आमचा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा कोड, उत्तर काढल्यावर ते समीकरणात परत घालतो, किती फरक उरला ते मोजतो आणि त्या फरकासाठी पुन्हा सोडवून उत्तर सुधारतो. उरलेला फरक म्हणजे जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी, म्हणून तेवढा भाग जास्त अचूकतेने करायचा असतो. त्यासाठी तिथे ‘लाँग डबल’ होता, म्हणजे नेहमीच्या ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकाराहून रुंद प्रकार. लिनक्सवर इंटेलच्या प्रोसेसरवर त्याला ६४ बिटांची अचूकता मिळते. विंडोजवर आम्ही वापरत असलेल्या कंपायलरमध्ये ‘लाँग डबल’ म्हणजे साधा डबलच, ५३ बिट. अकरा बिट गेले, म्हणजे तीनेक दशांश अंक गेले. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही. सुधारणेची फेरी नेमाने फिरत होती, पण सुधारत काहीच नव्हती.

मग तो भाग मी डबल-डबलमध्ये लिहिला. ही डेकर यांनी १९७१ मध्ये मांडलेली रीत: दोन डबल मिळून एक संख्या धरायची, पहिल्यात न मावलेली चूक दुसऱ्यात जपायची. सुमारे १०६ बिट मिळतात, आणि ते कुठल्या ओएसच्या मर्जीवर अवलंबून नसतात. कोड चालवला, उत्तरं स्थिर झाली. आणि टेस्ट पुन्हा फेल.

आलेलं पहिलं उत्तर होतं ६४. नेमकं ६४. पुढचं -२०१६, मग २०१६०. या टेस्टचं उत्तर म्हणजे मूळ हिल्बर्ट मॅट्रिक्सच्या व्यस्ताचा (इन्व्हर्सचा) पहिला स्तंभ. n बाय n हिल्बर्ट मॅट्रिक्सच्या व्यस्ताचे सगळे घटक पूर्णांक असतात आणि पहिला घटक n चा वर्ग असतो. ८ चा वर्ग ६४. गणिताने बघितलं तर याहून बरोबर उत्तर असूच शकत नाही. टेस्टच्या ‘अपेक्षित’ फाइलमध्ये मात्र सतरा अंकी घातांकी रूपात ६.४, मग शून्यांची रांग, आणि शेवटी भरकटलेले अंक होते. कोणीतरी कधीतरी लिनक्सवर प्रोग्रॅम चालवून आलेलं उत्तर तसंच फाइलमध्ये उतरवलं होतं. लिनक्सवर टेस्ट पास होत होती, कारण ते मशीन स्वतःचीच जुनी नक्कल तपासत होतं. इतकी वर्षं ही फाइल रिव्ह्यूमधून जात राहिली आणि एवढ्या नेटक्या बेतलेल्या मॅट्रिक्सचं उत्तर पूर्णांक असायला हवं, हे कोणी बोललं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता अपेक्षित फाइलमध्ये मी पूर्णांक घातले आहेत. विंडोजवर टेस्ट पास होते, लिनक्सवर फेल. लिनक्सवरही डबल-डबल घालू म्हटलं तर आक्षेप असा, की वेग कमी होईल आणि वापरणाऱ्यांची जुनी उत्तरं शेवटच्या अंकांत बदलतील. दुसरा मुद्दा मला पटतो, कारण लोकांनी ते आकडे कुठेकुठे नोंदवून ठेवलेले असतात. तरीही चुकीचे अंक जपण्यासाठी बरोबर अंक नाकारायचे, हे गळी उतरत नाही. ती टेस्ट तात्पुरती बंद करायला मी नकार दिला आहे, त्यामुळे लिनक्सच्या बिल्डवर ती रोज लाल दिसते.

त्या फोल्डरमधल्या बाकीच्या अपेक्षित फाइल्सही अशाच भरलेल्या असणार. ज्यांची उत्तरं परिमेय आहेत त्या जीएमपी या नेमकं गणित करणाऱ्या लायब्ररीने नेमक्या अपूर्णांकांत काढते आहे, बाकीच्या एमपीएफआर या हवी तेवढी अचूकता देणाऱ्या लायब्ररीने २०० बिटांवर. आधी बेसल फंक्शन्सची फाइल घेतली आहे.