जोडून सुट्टी, सोमवार आणि मेगाब्लॉक

शनिवार-रविवारला सोमवार जोडून आला की मुंबईत ठरलेला बेत असतो: दोन दिवस लोळायचं आणि सोमवारी घारापुरी नाहीतर कान्हेरी गाठायची. हा बेत गेटवरच बोंबलतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, आणि कान्हेरी पार्कच्या पोटात असल्यामुळे तीही बंद. म्हणून मांडणी शेवटून करायची. सोमवारी काय उघडं असतं ते आधी बघा, मग उरलेले दोन दिवस भरा.

घारापुरीला शनिवार द्या, रविवारी गेटवेच्या तपासणीच्या रांगेतच उत्साह मावळतो. पहिली लाँच साधारण ९ वाजता सुटते, प्रवास तासाभराचा. तिकीट गेटवेजवळच्या खिडकीवरच घ्या, हाताला धरून बोलावणाऱ्यांकडून नाही. ते जाऊन-येऊन असतं, तेव्हा अर्धा तुकडा सांभाळा. वरच्या डेकवर बसायचे पैसे लाँचवर वेगळे घेतात. ती फसवणूक नव्हे, तशी पद्धतच आहे. उतरल्यावर लांब धक्का. त्यावर छोटी गाडी धावते, पण तिच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा चालणं लवकर होतं. पुढे साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. बाटली आणि खाऊ पाठपिशवीच्या आत ठेवा. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे माकडांना आमंत्रण.

मुख्य लेण्यात शिरल्यावर थेट त्रिमूर्तीसमोर, म्हणजे मागच्या भिंतीवरच्या तीन मुखांच्या शिवासमोर जाऊन फोटो काढून परतणारे फार. उजेड उत्तरेकडच्या तोंडातून आणि दोन्ही बाजूंच्या चौकांतून येतो, त्यामुळे मागच्या भिंतीवर तो मंदच पडतो. पाच मिनिटं तिथे नुसतं उभं राहा, डोळे सरावले की बाजूचे चेहरे उलगडतात. आपल्या डावीकडचा मिशीवाला, कपाळाला आठ्या, हातात साप. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ. डावीकडच्या पटात अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. परतीची शेवटची लाँच गाठायच्या भरवशावर राहू नका. दुपारी ३ पर्यंत खाली उतरलेलं बरं. पंधरा ऑगस्टच्या आसपासची सुट्टी असेल तर समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. अशा वेळी कान्हेरीच धरा, पावसात ती जास्त खुलते.

कान्हेरीचा दिवस रविवार, आणि रविवार म्हटलं की ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकलची अडवणूक. मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक, साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी साडेतीन-चार. कुठला मार्ग, कुठल्या स्टेशनांदरम्यान, हे शनिवारच्या पेपरात येतं. तेवढ्या वेळात फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवर वळवतात, काही रद्द होतात, आणि उरलेल्यांत गर्दी दाटते. हार्बर बंद असेल तेव्हा त्याच तिकिटावर मेन लाइनवरून जायची मुभा बहुतेक वेळा देतात. घोषणा ऐका, दुसरं तिकीट काढू नका. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर १, ३ आणि ५ दिवसांचं टुरिस्ट तिकीट खिडकीवर मिळतं. दक्षिण मुंबईत जायचं असेल आणि घर आरे-बीकेसी पट्ट्यात असेल तर मेट्रो ३ आहेच, तिला मेगाब्लॉकची बाधा नाही.

बोरिवलीला सकाळी लवकर उतरा आणि परतीची गाडी चारनंतरची धरा, म्हणजे ब्लॉकची झळ लागत नाही. पूर्वेला उतरून पार्कचं गेट चालत दहा-पंधरा मिनिटांवर. गेटपासून लेणी ६-७ किलोमीटर आत आहेत. हे अंतर न धरता लहान मुलांना चालवत नेणारे हमखास अर्ध्या वाटेवरून फिरतात. आतल्या बससाठी सकाळीच रांगेत लागा. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायचा अट्टाहास नको. ३ नंबरचं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह), त्याच्या ओसरीतले दोन उंच बुद्ध, ११ नंबरचा दरबार हॉल आणि ४१ नंबरमधला अकरा मुखांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, एवढं निवांत बघा. वर चढताना पायांखाली लक्ष ठेवा: कातळात खोदलेल्या बारीक पन्हळी दिसतील. पावसाचं पाणी त्यांतून लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरतं. भिक्खूंची वर्षभराची सोय या टाक्यांवर होती. आपण मात्र पाणी आणि डबा घरूनच न्यावा.

सोमवारी भायखळ्याची राणीबाग उघडी असते, तिची सुट्टी बुधवारची. चौघांच्या कुटुंबाला, म्हणजे आईवडील आणि दोन मुलं, १०० रुपयांत तिकीट आहे. ते ऑनलाइन काढा. पेंग्विनसाठी दुपारी तोबा गर्दी होते. बागेतल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो तुटला आणि मग इथे जोडून उभा केला. शनिवारी घारापुरी बघितली असेल तर मुलांना तो दाखवाच.

काळ्या घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारी उघडं असतं, पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला नाही. सोमवार यांपैकी एखाद्या तारखेला आला तर फोर्टमध्ये नुसतं चाला: सीएसएमटी, फ्लोरा फाउंटन, हॉर्निमन सर्कल, ओव्हल. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे. पोटाचं मात्र आधी बघा. इथल्या बऱ्याच खाणावळी ऑफिसवाल्यांवर चालतात आणि सुट्टीला कुलूप लावतात. जेवायला गिरगावात गेलेलं बरं.

हाजी अलीला जायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा, मोठ्या भरतीला वाट पाण्याखाली जाते. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे शनिवारी बाराला भरती असेल तर सोमवारी पावणेदोनच्या सुमाराला.