गळ्यातली वीणा

नागपूरच्या काटोल नाक्यावरून पहाटे चारला पायी निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत पोळीभाजीचा डबा, छत्री आणि बचत गटाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा होता. पावसाचे दिवस, म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. धापेवाड्याच्या विठ्ठलाच्या पायाशी ठेवायचा अन् मोकळं व्हायचं, हा बेत.

गटात आम्ही अकरा बाया. महिन्याची बचत दोनशे, बैठक बुधवारी. बँकेच्या कर्जाचे दोन हप्ते थकले म्हणून पासबुक भरून आणलं, तर खात्यात अडतीस हजार कमी. आमच्या सचिवाने मुलाच्या दवाखान्यासाठी काढले होते. बाया म्हणाल्या, पोलिसात द्या. मग सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात, आणि दर वेळी बँकेत कोण ताटकळणार, म्हणून मी पाच कोऱ्या स्लिपांवर आधीच सही करून ठेवली होती. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री सगळ्यांकडून घोकून घेणारी मीच.

धापेवाड्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. इथले संत कोलबास्वामी पंढरपूरची वारी करत. म्हातारपणी चालणं होईना, तेव्हा देवच इकडे आला, अशी गोष्ट सांगतात. आषाढ वद्य प्रतिपदेला, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पंढरपूर आटोपून तो इथे येतो, म्हणून यात्रा. मला ही गोष्ट फार आवडते. पंढरपूरला जायला सुट्टी जमत नाही, हेही त्यामागे असेल.

फेटरी ओलांडेस्तोवर उजाडलं. दोन्ही बाजूंना कपाशी नुकती वर आलेली, एका वावरात डवरणी चालू. माझं लक्ष त्यात नव्हतं. "देवा, काय करू ते सांग," एवढंच घोकत चालले होते. उजव्या टाचेला फोड आला, त्याचंही मला बरंच वाटलं, तेवढीच शिक्षा.

कळमेश्वरला एक दिंडी चहापोह्यांसाठी थांबली होती. टाळ खाली, पखवाज बाकावर, पताका भिंतीला टेकवलेल्या. वीणा तेवढी एका म्हाताऱ्या बाबांच्या गळ्यात. पट्टा तुटलेला, तिथे सुतळीची गाठ. त्यांना लघवीला जायचं होतं. त्यांनी एका पोराला हाक मारली. पोरगा पोह्यांची प्लेट ठेवून, हात धुऊन आला. दोघं एकमेकांच्या पाया पडले, पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात गेला. जाता जाता बाबा त्याच्या कानाशी काहीतरी बोलले.

परत आल्यावर मी विचारलं, "बाबा, दोन मिनिटांसाठी खाली ठेवली असती तं?"

"खाली कशी ठेवता येईन वं बाई? द्यायची हाय तं कोणाच्या गळ्यात द्या."

"अन् कानात काय सांगितलं?"

"एक तार सैल हाय म्हटलं. सांगून द्या लागते. नाही तं थो बिचारा वाजवते, अन् लोकं त्यालेच हासते."

पुढचे सगळे कोस मी माझा राजीनामा मनात वाचत गेले. 'वैयक्तिक कारणास्तव', असं लिहिलं होतं. सुबक अक्षरात. स्लिपांचा एक शब्द नाही.

धापेवाड्यात रांग मोठी, अंगावरची साडी चिंब. देवासमोर मला किती वेळ मिळाला? "चला, चला पुढे," म्हणेपर्यंत. विचारायचं ते विचारलंच नाही. राजीनामा पिशवीतच राहिला. तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच; तिच्या काठावर डबा उघडला, तर पोळ्यांचा लगदा झालेला आणि कागद मात्र कोरडा ठणठणीत.

बुधवारी बैठकीआधी सचिवाच्या घरी गेले आणि तिला सोबत घेऊन आले. ती दारातच घुटमळली. मी बसायच्या आधीच बोलले, "त्या स्लिपांवर सही माझी आहे. कोऱ्या असताना केली होती." पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं, "मंग अर्धे तुम्ही भरसान का?"

"भरीन."

मग ठराव लिहायची वेळ आली. रजिस्टर लिहिणारी सचिवच. सगळ्या गप्प. तिनं डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "लिहू का, ताई?"