इगतपुरीच्या थडग्यावरची सहा अक्षरं

कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लागलं आणि थळ घाट सुरू झाला. १८६५ साली हा मार्ग खुला झाला, पण सदतिसात एकचा (सदतीस फुटांत एक फूट) चढ अजूनही इंजिनांचा घाम काढतो.

मी निघालो होतो इगतपुरीच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत. मित्राने एका थडग्याचा फोटो पाठवला होता आणि त्यावरची अक्षरं काही केल्या लागत नव्हती. सोबत इगतपुरीचेच एक निवृत्त ड्रायव्हर मामा आले.

दगडावरचं नाव पार झिजलेलं. अक्षरं शिसं ओतून बसवलेली होती, ती गळून गेली आणि उरल्या नुसत्या खाचा. सकाळच्या तिरप्या उन्हात खाचांत सावली भरली, तेव्हा एकेक अक्षर उठून दिसलं. आधी 'ड्रायव्हर', मग खाली जी. आय. पी. आर. व्ही. सी.

जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तिची व्हॉलंटियर कोअर, म्हणजे स्वयंसेवक सैनिकांची पलटण! रेल्वेच्या नोकरांचीच ही पलटण १८७५ साली उभी राहिली. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, कारकून असे गोरे आणि अँग्लो-इंडियन लोक ड्यूटी सांभाळून कवायत आणि चांदमारी करायचे. नाव 'व्हॉलंटियर', पण त्यांतल्या अनेकांना रेल्वेत नोकरी हवी तर भरती व्हावंच लागे. काळही त्या 'व्ही'नेच सांगितला. १९१७ मध्ये अशा तुकड्या इंडियन डिफेन्स फोर्स या दलात गेल्या आणि १९२० पासून ऑक्झिलरी फोर्स या दलात, तेव्हा नावातलं 'व्हॉलंटियर' गेलं. म्हणजे या माणसाची चाकरी १९१७ च्या आधीची.

"म्हणजे आमच्यातलाच की!" मामा म्हणाले. "इंजिनपण चालवायचं आन् बंदूकपण?"

त्यांच्या त्या 'आमच्यातला'ने मला गलबलून आलं. कारण घाटातले बोगदे खोदणाऱ्या, रूळ टाकणाऱ्या आपल्या माणसांच्या हाती बंदूक द्यायला सरकार तयार नव्हतं. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये राजा रामपाल सिंह हिंदी लोकांना या दलांत घ्या म्हणून तळमळीने बोलले, तरी दार बंदच राहिलं. या पलटणीच्या इतिहासात मला सर्वांत बोचतं ते हेच.

आता भुसावळची दफनभूमी पाहायची आहे. तुमच्याकडे हिरव्या फितीचं जुनं चांदीचं पदक असेल, तर त्याची कड भिंगाखाली धरा. अशा व्हॉलंटियर पलटणीतल्या वीस वर्षांच्या चाकरीबद्दल मिळणाऱ्या या पदकाच्या कडेवर माणसाचं आणि तुकडीचं नाव कोरलेलं असे. सापडलं तर मला जरूर कळवा.