आमची वाटचाल : आधी वजन, मग रबर

रबराचे गास्केट, वॉशर आणि यंत्रांखाली घालायचे पॅड कापून देणं हा आमचा मूळ धंदा. घरी मन लावून गाणी ऐकणारी हौशी मंडळी आमच्याकडे वळली ती तुकडे स्वस्तात मिळतात म्हणून. कंपन अडवायला ते कुणाला टर्नटेबलखाली, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या प्लेअरखाली, घालायला हवे असत, कुणाला सबवूफरखाली, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरखाली. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच : "सगळ्यात चांगलं मटेरियल कुठलं?" आम्ही उलट विचारायचो, "वजन किती आहे?" त्या विचारपूसीतूनच आमचा ऑडिओचा विभाग उभा राहिला.

यंत्रांच्या पॅडचं गणित हाताशी होतंच. पॅड वजनाखाली किती दबतो, यावर तो किती वेगानं, म्हणजे सेकंदाला किती वेळा (हर्ट्झ), डोलेल हे ठरतं. स्प्रिंग 1 मिलिमीटर दबली तर हा आकडा साधारण 16 हर्ट्झ येतो, 4 मिलिमीटर दबली तर 8. रबर हलत्या भाराखाली जास्त कडक वागतं, म्हणून त्याचा आकडा थोडा वर जातो. या आकड्याच्या सुमारे 1.4 पटीच्या वरची कंपनंच अडतात. त्याच्या आसपासची तर उलट वाढतात! टर्नटेबलला हे फार बाधतं, कारण टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुई बसवलेला भाग) यांचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ज्या वेगाला ते आपसूक डोलतात तो आकडा, 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. पॅडही तिथंच डोलायला लागला, की खोलीत कुणी नुसतं चाललं तरी सुई उडते.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला प्लेअरच्या प्रत्येक पायावरचं वजन मोजायला सांगतो. एका पायाखाली घरचा वजनकाटा ठेवायचा, बाकीच्या पायांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं. ट्रान्सफॉर्मर ज्या बाजूला असतो तिकडचा आकडा हमखास जास्त निघतो. चारही कोपऱ्यांना सारखेच पॅड लावले तर प्लेअर त्या अंगाला कलतो, आणि दोष मटेरियलला लागतो.

सॉर्बोथेन या मऊ, रबरासारख्या मटेरियलचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते कंपन शोषतं छान, पण भार त्या तुकड्याला जुळणारा असेल तरच. 12 मिलिमीटरचा तुकडा वजनाखाली साधारण 10 वर आला पाहिजे. हलक्या प्लेअरखाली मोठा, कडक तुकडा दबतच नाही, मग तो नुसता ठोकळा. शिवाय पॉलिश केलेल्या लाकडावर त्याचे डाग पडू शकतात, म्हणून आम्ही मध्ये पातळ चकती देतो.

कमी खर्चात काम साधायचं असेल तर साध्या रबराची अख्खी शीट घालू नका, लहान चौकोन करून अंतरानं ठेवा. भरीव रबर आकसत नाही, त्याला बाजूला फुगायला जागा लागते. जागा मिळाली नाही की तेच रबर कितीतरी कडक होतं. आमच्या पॅडना खाचा पाडलेल्या असतात त्या याचसाठी. कॉर्क मिसळलेल्या रबराला तेवढी जागा लागत नाही, कारण कॉर्क जागच्या जागी आकसतो. जड स्पीकरखाली आम्ही तेच जास्त देतो. पॅकिंगचा फोम मात्र टाळा. कालांतरानं तो चपटा होतो आणि परत उठत नाही.

टोकदार स्पाइकही आम्ही विकतो. गालिच्यावर स्पीकर घट्ट उभा राहावा यासाठी ते उत्तम, पण त्यांनी कंपन अडत नाही, आणि हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

काहींना आम्ही पॅड घेऊच नका म्हणतो. जमीन लाकडी आणि पावलागणिक हलणारी असेल, तर टर्नटेबल भिंतीला घट्ट ठोकलेल्या फळीवर ठेवलेला बरा. चालण्याचे हादरे इतके मंद असतात की रबराच्या पॅडकडून ते अडणं कठीण. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरलाही बहुधा काही लागत नाही. त्याच्या खालची हवेची फट तेवढी बुजू देऊ नका. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अॅम्प्लिफायरचं वेगळं आहे, व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारली तर काही वेळा स्पीकरमधून आवाज येतो. तिथं मऊ पायांचा उपयोग होतो. सध्या आमच्या टेबलावर त्याच पायांचं काम चालू आहे, कारण तळाच्या उष्णतेत मऊ रबर किती टिकतं हे पाहिल्याशिवाय ते विकायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं आहे.