धरणाच्या काठावरचा रविवार

जुलै महिन्यात पुण्यातील वर्तमानपत्रे रोज एक आकडा छापतात आणि पुणेकर तो सकाळच्या चहाबरोबर वाचतात. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आहे आणि त्यातील किती भरली यावर शहराची पुढच्या उन्हाळ्याची बेगमी ठरते. या चारांत खडकवासला सर्वांत लहान, दोन टीएमसीहूनही थोडे कमीच. परंतु वरच्या तिन्ही धरणांचे पाणी अखेर त्याच्यातच उतरते आणि तेथून बंद जलवाहिनीने पर्वतीच्या जलकेंद्राकडे निघते. नळापर्यंतच्या प्रवासातला हा शेवटचा उघडा टप्पा. नेमका याच्याच काठाने पानशेतचा रस्ता जातो, आणि त्या काठाला लोक कौतुकाने ‘चौपाटी’ म्हणतात.

मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करते. कच्च्या पाण्याचे, म्हणजे शुद्धीकरणापूर्वीच्या पाण्याचे, नमुने आम्ही एरवी कामाच्या दिवशी सकाळी घेतो. त्या वेळी काठावर एखादा मासेमार आणि बगळे यांच्याखेरीज कोणी नसते. गर्दीच्या दिवसाचा नमुना आमच्या नोंदवहीत कधी येतच नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. म्हणून पावसाळ्यातील एका रविवारी दुपारी मी वरिष्ठांची परवानगी घेऊन निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाची पेटी यांसह तेथे गेले.

त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा होत्या. कणसे भाजली जात होती, भज्यांच्या कढया तापल्या होत्या, आणि भिजलेली माणसे अगदी मनापासून आनंदात होती. पाण्यात उतरण्यास, पोहण्यास, कपडे व वाहने धुण्यास मनाई असल्याची पाटी तेथे होती; तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मुले गुडघाभर पाण्यात खेळत होती. गाळाच्या त्या काठावर पायाखालची जमीन कुठे संपते हे वरून कळत नाही आणि त्यापायी या धरणात दरवर्षी जीव जातात, त्यामुळे सुरक्षारक्षकाचे सारे लक्ष मुलांकडे होते. शिट्टी वाजवून वाजवून त्याचा घसा आणि धीर दोन्ही संपत आले होते.

मी दुसरी बाटली भरत असताना जवळच एक तरुण बाई खाली बसून तान्ह्या बाळाचे घाण झालेले लंगोट पाण्यात खळबळताना मला दिसली. सुरक्षारक्षकाने तिला हटकताच तिचा नवरा पुढे आला. “पलीकडे म्हशी डुंबताहेत, त्यांना कोणी शिट्टी मारत नाही. आमच्या लेकराचं एवढंसं फडकं तेवढं दिसलं का तुम्हाला?” रक्षक म्हणाला, “साहेब, पाटी वाचा.” आवाज चढू लागले आणि आजूबाजूची माणसे गोळा झाली, तेव्हा मी मध्ये पडले.

त्या गृहस्थाचा प्रश्न रास्त होता आणि मी त्याला तसे सांगितलेही. म्हशींची घाण पाण्यात जातेच. शिवाय जलाशयाच्या काठावरील वस्त्या, हॉटेले आणि रिसॉर्ट यांचे सांडपाणी हा सहलीला आलेल्या एका कुटुंबापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा बंदोबस्त न करता केवळ पर्यटकांवर शिट्ट्या वाजवणे अपुरेच आहे. परंतु अंतराचाही विचार करावा लागतो. लांबून येणाऱ्या घाणीला नैसर्गिक शुद्धीकरणासाठी काही काळ मिळतो: गाळ खाली बसतो, ऊन आणि वेळ यांमुळे बरेच जंतू मरतात, मोठ्या साठ्यात उरलेले विरळ होतात. धरणाच्या भिंतीजवळच्या काठावर जे पडते त्याला हा काळ मिळत नाही. त्यातही माणसाच्या, विशेषतः आजारी बालकाच्या विष्ठेतून येणारे काही जंतू अधिक चिवट असतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही, तो गाळणीतच अडवावा लागतो. आणि पावसाळ्यात पाणी सर्वाधिक गढूळ असते, म्हणजे तुरटीच्या प्रक्रियेवर आणि गाळण्यांवर नेमका तेव्हाच सर्वाधिक ताण असतो.

नवरा गप्प झाला. बोलली ती बाई. “मॅडम, मला हौस नव्हती हो. बाळाला जुलाब होताहेत. मी जायचं कुठं होतं, ते दाखवा.” मी आजूबाजूला पाहिले. एका हॉटेलात स्वच्छतागृह होते, पण तेथे फक्त ग्राहकांना प्रवेश होता. इतक्या गर्दीसाठी दुसरी सोय मला दिसली नाही. माझ्या मते त्या दिवसातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तिचेच होते, कारण जी गोष्ट करायला दुसरी जागाच नाही ती केवळ पाटी लावून थांबत नाही.

मग तिने विचारले, “आम्ही धायरीला राहतो. आमच्याकडे हेच पाणी येतं का?” त्या सगळ्या पट्ट्याची तहान हेच धरण भागवते, असे मी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. तेव्हापासून त्यांच्या घरी पाणी उकळूनच पितात, असे तिनेच सांगितले. तिने लंगोट पिळून पिशवीत कोंबले. नवऱ्याने रक्षकाकडे पाहून “चुकलं, मामा” म्हटले आणि गाडीतला पाण्याचा कॅन काढून, काठापासून दूर, रस्त्यापलीकडे बायकोच्या हातांवर पाणी ओतले.

नमुने त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत लावले. पारंपरिक शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी वापरायच्या स्रोतात १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जीवाणू, ५,००० पर्यंत असावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. गर्दीच्या जागेचा नमुना आमच्या एरवीच्या सकाळच्या नमुन्यांपेक्षा स्पष्टपणे वाईट निघाला. त्या दिवशी पाऊसही होता आणि पाऊस डोंगरउतारावरची घाण धुऊन आणतो, त्यामुळे सगळा दोष सहलकऱ्यांवर टाकणे शास्त्राला धरून झाले नसते. एका दिवसाच्या नमुन्यावरून कोणीही तसे करू नये. गर्दीपासून दूर घेतलेल्या नमुन्यात मात्र एवढा फरक नव्हता.

चौपाटी बंद करा, असे मी अहवालात लिहिले नाही आणि आजही लिहिणार नाही. आपण पितो ते पाणी लोकांनी डोळ्यांनी पाहावे, त्याच्या काठी कणीस खावे, मुलांना धरण दाखवावे, असे मला मनापासून वाटते. शेरा लिहिण्याच्या रकान्यात मी एवढेच मागितले की पावसाळ्यापुरती तरी फिरती स्वच्छतागृहे पाण्यापासून दूर, रस्त्याच्या वरच्या अंगाला उभी करावीत, भिंतीजवळच्या भागाला कठडा घालावा, आणि पाटीवर मनाईच्या खाली हे पाणी कोणकोणत्या भागांच्या नळांना जाते त्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत. स्वच्छतागृहांचा आणि कठड्याचा निर्णय आमच्या हातात नव्हता. तो प्रस्ताव संबंधितांकडे पाठवला गेला. नमुन्यांचे वेळापत्रक मात्र आमचेच होते, आणि त्यात सप्टेंबरअखेरपर्यंत रविवार दुपारची फेरी जोडण्यात आली.