बाबांच्या लॅपटॉपवर मिंट: दुसरी संध्याकाळ

काल अडलेलं काम आज सुटलं. बाबांचा लॅपटॉप २०१३चा, रॅम ४ जीबी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११मध्ये एवढ्या जुन्या प्रोसेसरला थारा नाही. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती.

काल पेनड्राइव्हवरून सुरू केलं की मिंटचा लोगो यायचा आणि पुढे स्क्रीन काळी. पेनड्राइव्ह बदलला, पोर्ट बदललं, दोन तास गेले. आज आधी आयएसओचा (मिंटच्या उतरवलेल्या फाइलचा) एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलचा जणू ठसा, काढला आणि मिंटच्या यादीतल्या ६४ अक्षरांशी ताडून पाहिला. पहिलं अक्षरच जुळेना! फाइल हॉटस्पॉटवर उतरवली होती, मध्ये दोनदा रेंज गेली होती. शेजारच्यांच्या वायफायवरून नव्याने घेतली, चेकसम जुळला, तेव्हाच पेनड्राइव्हला हात लावला.

आयएसओ पेनड्राइव्हवर मी माझ्या कॉम्प्युटरवरून, डीडी या कमांडने लिहितो. इथे घाई अजिबात नाही. पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा एलएसबीएलके (जोडलेल्या ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड), लावल्यावर पुन्हा एकदा. नवी आलेली ओळ आपली: एसडीबी, १४.९जी. (पाकिटावर १६ जीबी असतं, ते १०००च्या पटीत मोजलेलं, इथे १०२४ची पट.) वरची एसडीए, ४६५.८जी, ही माझी हार्ड डिस्क, घरचे सगळे फोटो तिच्यात. डीडी काही विचारत बसत नाही, सांगाल तिथे लिहितो. नाव अख्ख्या ड्राइव्हचं द्यायचं, एसडीबी१ (त्यातला एक भाग) नाही, कारण आयएसओमधला बूटचा, म्हणजे मशीन सुरू करणारा, भाग ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला बसावा लागतो. फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, ते यामुळेच.

आकडे झरझर पुढे गेले, पण तो डेटा बराचसा रॅममध्येच असतो. सिंक (उरलेला डेटा ड्राइव्हवर उतरवणारी कमांड) दिलं आणि थांबलो. पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत होता. चार मिनिटांनी तो स्थिर झाला, प्रॉम्प्ट परत आला, मगच काढला.

बाबांच्या लॅपटॉपवर एफ१२ दाबून बूट मेनू, यूएसबी निवडलं, आणि डेस्कटॉप समोर! इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, टचपॅड तपासलं, सगळं चालतंय. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीही जोडली. बाबांनी ऑफिसात इनस्क्रिप्टवरच टायपिंग केलेलं. बसले आणि न बघता स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. मला फार बरं वाटलं.

इन्स्टॉल रविवारी. त्याआधी त्यांची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आहेत.